पुसलेली शाई

हार्वर्ड वेधशाळेतली जुनी काच उजेडासमोर धरली, की आकाश उलटं दिसतं. तारे काळे, पार्श्वभूमी पांढुरकी. निगेटिव्हच ती. काचेच्या एका अंगाला चांदीच्या कणांचा नाजूक थर आणि त्यात ताऱ्यांचे ठिपके. दुसऱ्या कोऱ्या अंगाला शाईनं काढलेले बाण, वर्तुळं, मुंगीएवढे आकडे. अमेरिकेतल्या केंब्रिज गावात अशा पाच लाखांहून अधिक काचा कागदी पाकिटांत घालून उभ्या रचल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे जवळपास शंभर वर्षांचं आकाश आहे ते.

ही शाई बहुतेक बायकांच्या हातची. संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी काचा वाचायला आणि आकडेमोडीला बायका नेमल्या, कारण त्या नेटक्या होत्या आणि स्वस्तही. ताशी पंचवीस सेंट. त्या काळी 'कॉम्प्युटर' म्हणजे ही माणसं. विल्यमिना फ्लेमिंग तर पूर्वी पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण होत्या. १८८८ सालच्या एका काचेवर त्यांना मृगातल्या तेजोमेघाला पडलेली काळी खाच दिसली. घोड्याच्या डोक्यासारखा तो मेघ आज पोस्टरांवर मिरवतो. पण खगोलशास्त्रज्ञ ड्रायर यांच्या तेजोमेघांच्या सूचीत शोध लागला पिकरिंग यांच्या नावे! १९०० सालच्या रोजनिशीत फ्लेमिंगबाईंनी आणखी एक सल लिहून ठेवली आहे: आपल्याला वर्षाला १५०० डॉलर, पुरुष सहायकांना २५००.

हेन्रिएटा लेव्हिट यांनी पेरूतल्या आरेकिपाहून आलेल्या काचांवर मॅगेलनच्या मेघांमधले १७७७ रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारे, तारे टिपले. ती यादी १९०८ मध्ये छापली गेली. पुढे १९१२ साली त्यांनी २५ ताऱ्यांवरून दाखवलं, की ताऱ्याचं तेज जितकं अधिक तितका त्याचा लुकलुकण्याचा काळ लांब. म्हणजे काळ मोजला की खरं तेज कळतं, आणि त्यावरून अंतर. खगोलशास्त्रज्ञ हबलनं देवयानी दीर्घिकेचं अंतर काढलं ते याच मापानं.

या शतकात हार्वर्डच्या जॉश ग्रिंडले यांच्या पुढाकारानं काचा स्कॅन व्हायला लागल्या आणि पेच पडला. शाईखाली तारे झाकले जातात. मग ताऱ्याचं तेज मोजणार कसं? तोडगा असा निघाला: आधी शाईसकट काचेचा आणि पाकिटाचा फोटो घ्यायचा, मग काच पुसायची, मग स्कॅन. चार लाखांहून अधिक काचा अशा स्कॅन झाल्या. स्कॅनिंग २०२४ मध्ये आटोपलं.

घाई करण्याला कारणही होतं. जानेवारी २०१६ मध्ये पाण्याची मुख्य नळवाहिनी फुटून तळघरात पूर आला, सुमारे ६१,००० काचा भिजल्या आणि बुरशी लागू नये म्हणून गोठवाव्या लागल्या. तरीही एवढी शाई पुसली गेली, हे मला सलतं. यात भावुकपणाचा भाग आहेच, पण पुराव्याचाही आहे.

२०१६ मध्येच एका प्रसिद्ध ताऱ्यावरून वाद पेटला. केप्लर दुर्बिणीनं त्या ताऱ्याचं तेज विचित्रपणे घटताना पाहिलं होतं. खगोलशास्त्रज्ञ ब्रॅडली शेफर यांनी हार्वर्डच्या स्कॅनवरून मांडलं, की तो शंभर वर्षं मंदावतच आला आहे. इतरांनी हरकत घेतली: १९५० च्या दशकात पैशाअभावी फोटो घेणंच बंद पडलं होतं, पुढच्या काचांमागची उपकरणं वेगळी, मंदावला तो तारा की बदललं ते भिंग? असा तंटा नुसत्या ठिपक्यांवर मिटत नाही. कुठली दुर्बीण, कुठलं भिंग, त्या रात्री हवा कशी, हे सारं पाकिटावर आणि वेधशाळेच्या वह्यांत असतं.

त्या वह्या अडीच हजारांच्या घरात आहेत. त्यांचीही पानं स्कॅन झाली आणि ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या ती अक्षरं लावून टंकलिखित केली. यंत्राला जमलं नाही ते कुणा अनोळखी माणसाच्या डोळ्यांनी केलं.

आणि पुसायच्या यादीतून काही काचा मुद्दाम वगळल्या गेल्या. इतिहासात ज्यांना जागा आहे अशा त्या काचांवरची शाई अजून तशीच आहे.