दार उघडं की एसी चालू?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आज मी तुम्हाला समुद्रावर घेऊन जाणार आहे, तेही एका मोठ्या प्रवासी बोटीवर. तुम्ही म्हणाल, आमचं गाव कुठे आणि ती बोट कुठे! पण कोकणातल्या आणि गोव्यातल्या कितीतरी घरांतला एखादा मुलगा, दीर, भाचा बोटीवर असतो. गोव्यात अशांना तारवटी म्हणतात. माझा धाकटा भाऊही क्रूझ बोटीवर खोल्या आवरायचं काम करतो. सहा-आठ महिन्यांचं कंत्राट, मग दोन महिने घरी. त्याच्याकडून ऐकलेली एक गोष्ट आमच्या बचत गटाच्या फार उपयोगी पडली. तीच आज सांगते.

आधी आमच्या गटाची अडचण ऐका. आम्ही आंबापोळी, फणसपोळी आणि कोकमाचे पदार्थ करतो. उन्हाळ्यात पॅकिंगच्या खोलीत घामाच्या धारा लागायच्या आणि आंबापोळीही चिकट व्हायची. म्हणून गटाच्या पैशांतून एक जुना एसी घेतला. पहिले दोन दिवस सगळ्या खूश. तिसऱ्या दिवशी आमच्या काकी म्हणाल्या, "मला बंद खोलीत कोंडल्यासारखं होतं, दार थोडं उघडं ठेवा." त्यांना दम्याचा त्रास आहे, म्हणून आम्ही दाराला वीट लावून ठेवली. मग एसीच्या तोंडातून पाणी ठिबकू लागलं, पिशव्या आतून ओलसर वाटू लागल्या, एका खेपेचा माल परत आला. महिनाअखेरीस वीजबिल पाहून आमचे डोळे पांढरे झाले. गटात दोन तट पडले. निम्म्या म्हणत, दार बंदच हवं. निम्म्या म्हणत, माणूस मोठा की आंबापोळी?

त्याच आठवड्यात भावाचा व्हिडिओ कॉल आला. मी सहज हा तंटा सांगितला, तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "ताये, ह्या भांडण आमच्या बोटीर रोजचा!"

बोटीवरचं भांडण

या मोठ्या बोटींवर समुद्राकडच्या खोल्यांना छोटी बाल्कनी असते. बाल्कनीला काचेचं जड दार असतं. प्रवासी हौसेने जास्त पैसे भरून ही खोली घेतात, ती समुद्राचा वारा खायला आणि लाटांचा आवाज ऐकत झोपायला. मग दार सताड उघडं ठेवतात आणि एसीही चालूच ठेवतात. त्यांचं म्हणणं, पैसे मोजलेत, दोन्ही हवं.

तासा-दोन तासांत छताच्या जाळीतून पाणी ठिबकायला लागतं. पलंगावरची चादर ओली होते, गालिचा दमट होतो, वास येतो. प्रवासी फोन करून तक्रार करतो, "तुमचा एसी गळतो." मग माझा भाऊ फडकं आणि बादली घेऊन धावतो. प्रवाशाला तोंडावर "तुम्हीच दार उघडं ठेवलंत" असं म्हणता येत नाही. प्रवासाच्या शेवटी प्रवासी शेरा लिहितात आणि त्या शेऱ्यावर पुढचं कंत्राट अवलंबून असतं. त्यामुळे गोड बोलून दार बंद करायला लावायचं, हीसुद्धा त्याच्या कामातली एक कला आहे.

ते पाणी येतं कुठून?

एसी गळत नसतो, मैत्रिणींनो. ते पाणी हवेतलं असतं. थंड पाण्याचा तांब्या पावसाळ्यात भरून ठेवा, बाहेरून घाम फुटतो की नाही? तांब्याला भोक नसतं. आजूबाजूच्या दमट हवेतली वाफ थंड धातूला लागली की तिचं पाणी होतं.

गरम हवेत पाण्याची वाफ जास्त मावते, थंड हवेत कमी. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढ्या जागेतली हवा धरा. 30 अंश सेल्सिअसला तिच्यात साधारण 30 ग्रॅम वाफ मावते. तीच हवा 20 अंशांपर्यंत थंड केली की जेमतेम 17 ग्रॅम मावते. उरलेल्या वाफेचं पाणी होणारच.

उष्ण समुद्रावरची हवा फार दमट असते. 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर 26 अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. एसीची जाळी तर त्याहून कितीतरी थंड असते. बोटीवरच्या छोट्या खोलीत अशी हवा एकदा भरली आणि ती 20 अंशांपर्यंत थंड केली, तर जवळजवळ पाव लिटर पाणी निघतं. दार बंद असेल तर ते पाणी एकदाच निघतं आणि एसीच्या नळीतून वाहून जातं. दार उघडं असेल तर नवी दमट हवा येतच राहते. पुन्हा पाव लिटर, पुन्हा पाव लिटर. नळी पुरी पडत नाही आणि जाळीवर, छतावर, भिंतीवर थेंब जमतात.

त्यातच खोलीच्या बाथरूममधून हवा सतत बाहेर ओढली जात असते. म्हणजे बाल्कनीचं दार उघडलं की बाहेरची हवा नुसती येत नाही, ती ओढून आत घेतली जाते.

बिल का वाढतं?

आपल्याला वाटतं, एसीचं काम म्हणजे फक्त हवा थंड करणं. पण वाफेचं पाणी करणं हे त्याहून कष्टाचं काम आहे. चुलीवरचा अनुभव आठवा. एक लिटर साधं पाणी उकळी येईपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साधारण सातपट उष्णता ते सगळं पाणी आटवायला लागते. म्हणून तर पाणी आटवताना लाकडं संपतात! ही वाफेत दडलेली उष्णता वाफेचं पुन्हा पाणी होताना बाहेर पडते. एसीला ती सगळी खोलीबाहेर फेकावी लागते. म्हणजे जेवढं पाणी ठिबकलं, तेवढी वीज त्याच्यावर खर्च झाली.

बोटीला महावितरणची तार नसते. भर समुद्रात वीज बोटीच्याच पोटात, जनरेटरवर इंधन जाळून तयार होते. बोट पुढे ढकलण्याच्या खालोखाल मोठा खर्च या एसीचाच. शिवाय तो प्रत्येक खोलीचा वेगळा नसतो. खाली इंजिनाजवळ मोठी यंत्रं पाणी गार करतात आणि ते गार पाणी नळांतून बोटभर फिरतं. गावच्या नळयोजनेसारखं समजा. वरच्या वाडीतल्यांनी नळ सोडून ठेवले की खालच्या वाडीत पाणी पोचत नाही. तसंच चाळीस प्रवाशांनी दारं उघडी ठेवली की बाकीच्यांच्या खोल्या नीट गार होत नाहीत. म्हणून काही बोटींवर दाराला बटण बसवलेलं असतं. दार उघडलं की त्या खोलीचा एसी आपोआप बंद. तरी काही हुशार प्रवासी तिथे लोहचुंबक चिकटवून त्या बटणालाही फसवतात!

दार म्हणजे नुसतं दार नव्हे

दार बंद ठेवण्याची आणखी दोन कारणं भावाने सांगितली. पहिलं वाऱ्याचं. बाल्कनीचं दार उघडं असताना कुणी खोलीचं मुख्य दार उघडलं की वारा आरपार घुसतो आणि जड दार धाडकन आपटतं. बोटं चेमटतात, कधी प्रवाशांची, कधी खोली आवरणाऱ्यांची.

दुसरं आगीचं. 23 मार्च 2006 रोजी पहाटे कॅरिबियन समुद्रात जमैकाजवळ स्टार प्रिन्सेस नावाच्या बोटीला आग लागली. सुरुवात बाल्कनीतून झाली. कुणीतरी टाकलेलं सिगारेटचं थोटुक हे बहुधा कारण, असं चौकशीत निघालं. बाल्कन्यांमधल्या आडोशांचं प्लॅस्टिक आणि तिथलं सामान पेटत गेलं, वाऱ्याने आग मजल्यामागून मजला चढली. धुराने एका प्रवाशाचा जीव गेला, दोनशेहून जास्त खोल्यांचं नुकसान झालं. त्यानंतर बाल्कनीतलं सामान आणि आगीपासूनचं संरक्षण यांचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले आणि 2008 पासून ते लागू आहेत. बाहेर आग असेल तेव्हा बंद दार माणसाला काही मिनिटं तरी मिळवून देतं.

मग उघडं दार वाईटच का?

नाही, मैत्रिणींनो. इथेच आमच्या काकींचं म्हणणं खरं ठरतं.

आमची आजी कोकण बोटीने मालवणहून मुंबईला जायची. डेकवर चटई अंथरून, उघड्या वाऱ्यात. एसीचं नावही कुणाला माहीत नव्हतं. जुन्या बोटींवर तर खोलीच्या गोल खिडकीत सुपासारखा पत्रा बसवून वारा आत वळवत. वाहता वारा अंगावरचा घाम सुकवतो, म्हणून गार वाटतं. आजही संध्याकाळी वारा छान असेल तर एसी बंद करून दार उघडं ठेवण्यात काहीच चूक नाही. अलास्का किंवा नॉर्वेसारख्या थंड प्रदेशात तर दार उघडल्यावर पाणीही ठिबकत नाही, कारण तिथल्या गार हवेत मुळात वाफच कमी.

आणि ताजी हवा ही चैन नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस बोट कोरोनामुळे अडकली. बोटीवर 3,711 माणसं होती, त्यांतल्या सातशेहून अधिक जणांना लागण झाली. अडकलेल्या कर्मचाऱ्यांत 132 भारतीय होते. बाल्कनीवाल्यांना निदान दार उघडून उभं राहता येत होतं. बिनखिडकीच्या खोल्यांतल्या प्रवाशांना पाळीपाळीने थोडा वेळ डेकवर सोडत. कर्मचारी तर एकेका खोलीत दोघे-तिघे राहून सगळ्यांना जेवण पोचवत होते.

मी भावाला विचारलं, "तुझ्या खोलीचं दार कसं आहे रे?" तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "ताये, आमका खिडकी नाय गे." त्याची खोली खालच्या मजल्यावर, पाण्याच्या पातळीजवळ. दोघांत एक. जो दिवसभर दुसऱ्यांच्या बाल्कनीची काच पुसतो, त्याला समुद्र दिसतो तो कामाच्या वेळेत. पण तिथे यंत्राने ठरावीक ताजी हवा आत सोडलेली असते, म्हणून तो बंद खोलीतही श्वास घेऊ शकतो.

आमच्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे. बोटीच्या एसीत ताज्या हवेची सोय असते. आपण भिंतीवर लावतो त्या साध्या स्प्लिट एसीत बहुधा ती नसते. तो खोलीतलीच हवा फिरवून फिरवून गार करतो. सहा-सात बायका बंद खोलीत तासन्‌तास बसल्या तर हवा जड होणारच. काकींना कोंडल्यासारखं वाटत होतं ते नाटक नव्हतं. आणि दार बंद करा म्हणणाऱ्याही चुकत नव्हत्या. चूक होती ती दोन्ही एकाच वेळी करण्यात. भाऊ म्हणाला तसं, "एक तर दार उघडा, नायतर एसी चालू. दोन्ही एकदम नाय."

आता आम्ही काय करतो

सकाळी गार वेळेला दारं-खिडक्या उघडून झाडलोट आणि वजनं करायची. तेव्हा एसी बंद, पंखा चालू. माल बाहेर काढायच्या थोडं आधी दारं-खिडक्या बंद करून एसी लावायचा आणि माल आणून पॅकिंग सुरू करायचं. दर तासाला माल झाकायचा, एसी बंद करायचा, पाच-दहा मिनिटं दारं सताड उघडायची आणि सगळ्यांनी बाहेर येऊन चहा घ्यायचा. काकींची जागा दाराजवळ. आणि एसी 24 अंशांवर. 2020 पासून आपल्याकडचे नवे एसी सुरू करताना 24 अंशांवरच असावेत असा नियम आहे. आमचा जुना आहे, म्हणून आम्ही तो आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे.

घाटावरच्या आणि विदर्भातल्या मैत्रिणींना एक वेगळी गोष्ट सांगते. तुमच्याकडे वाळ्याचा किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर असतो. त्याचं तंत्र बरोबर उलटं. कूलर हवेत पाणी मिसळून गारवा देतो, म्हणून त्याच्यासमोर खिडकी उघडी हवीच, नाहीतर खोली दमट होऊन घाम येतो. कूलर लावला की खिडकी उघडी, एसी लावला की बंद, एवढं लक्षात ठेवा. आणि आम्हा कोकणवाल्यांनी कूलरच्या नादी लागू नये, आमची हवा आधीच पाण्याने भरलेली!

आमच्या गटातला तंटा मिटला. एसी आता ठिबकत नाही, बिल आवाक्यात आलं, आणि ज्या दुकानदाराने माल परत पाठवला होता त्याने पुन्हा मागणी दिली. गणपतीला भाऊ घरी येतोय. त्याच्यासाठी मी पडवीतली खाट ठेवली आहे, जिथे तिन्ही बाजूंनी वारा येतो. तिथे ना दार, ना एसी. पोटभर झोपू दे त्याला.