१४४ला पास, ५००ला गॅसवर

रेडीचा गणपती दोन हातांचा. एका हाताने आशीर्वाद, दुसऱ्यात मोदक. १९७६ साली खाणीच्या मातीत सापडलेल्या या देवाच्या पायाशी मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचं हॉल तिकीट ठेवून आलेलं पोर वेंगुर्ले तालुक्यात शोधायला फार हिंडावं लागणार नाही. देव आशीर्वाद देतोच. पण राज्याचा कोटा, जागांची संख्या आणि त्या वर्षीचा फिजिक्सचा पेपर ही खाती त्याच्याकडे नाहीत. ती कशी चालतात, त्याचे हे काही मजेदार नमुने.

छत्तीस बरोबर, बाकी हात जोडून

नीटचा पेपर ७२० गुणांचा. प्रश्न १८०, त्यातले ९० एकट्या बायोलॉजीचे. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. २०२५ साली खुल्या गटाची पात्रतेची रेषा होती १४४ गुण. म्हणजे ३६ प्रश्न अचूक सोडवा, उरलेल्या १४४ प्रश्नांकडे ढुंकूनही पाहू नका, तरी तुम्ही 'पात्र'! राखीव गटांसाठी हीच रेषा ११३ होती.

पेढे वाटायची घाई नको. त्या वर्षी २२ लाखांवर मुलांनी परीक्षा दिली, १२ लाख ३६ हजार पात्र ठरली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. दर जागेमागे दहा 'पात्र' उमेदवार उभे. यातल्या साधारण निम्म्याच जागा सरकारी. महाराष्ट्रात खुल्या गटातून सरकारी कॉलेज हवं, तर २०२५मध्ये खरी रेषा पाचशेच्या आसपास होती. १४४ आणि ५०० यांच्या मधल्या मुलांचं काय? ती पास असतात, आणि घरी असतात. किंवा अभिमत विद्यापीठांच्या वर्षाला वीस-पंचवीस लाखांच्या फीचं माहितीपत्रक वाचत असतात.

सगळीकडे 'ब'

काहीच अभ्यास न करता सगळ्या प्रश्नांना डोळे मिटून 'ब' गोल केला तर? चारांतला एक पर्याय बरोबर, म्हणजे सरासरीने ४५ उत्तरं जुळतील: १८० गुण. १३५ चुकतील: १३५ वजा. हाती उरतात ४५. अंदाजपंचे दाहोदरसे करून १४४ गाठणारा हजारात एकही निघत नाही, हे गणित करून पाहता येतं. बॉलपेनने एकदा काळा केलेला गोल खोडताही येत नाही.

७१८ येतातच कसे?

४ जून २०२४. लोकसभेची मतमोजणी चालू आणि त्याच दिवशी नीटचा निकाल. देश टीव्हीपुढे, पण घराघरांतली पोरं मोबाइलवर. यादीत ७२०पैकी ७२० मिळवणारे ६७ जण. ते एकवेळ सोडा, कुणाला ७१९ तर कुणाला ७१८!

आता हिशेब करा. सगळं बरोबर तर ७२०. एक सोडला तर ७१६. एक चुकला तर ७१५. ७१८ आणि ७१९ हे आकडे या परीक्षेत जन्मालाच येऊ शकत नाहीत. हे शेंबड्या पोराच्याही लक्षात आलं, आणि मग परीक्षा घेणाऱ्या एनटीएला सांगावं लागलं की काही केंद्रांवर वेळ वाया गेल्याबद्दल १५६३ मुलांना वाढीव गुण दिले होते. ते रद्द झाले, त्या मुलांना २३ जूनला फेरपरीक्षेची मुभा मिळाली. त्यात आणखी एक भर. फिजिक्समधल्या अणूविषयीच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर धरली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर असल्याचं सांगितलं, आणि ६७चे शेवटी उरले १७. एका अणूने पन्नास पहिले नंबर गिळले म्हणायला हरकत नाही, वाढीव गुणांनी त्यातले काही आधीच खाल्ले होते, एवढंच.

तेच गुण, निराळा जन्म

२०२४मध्ये ६५० गुण मिळवणाऱ्याचा देशातला क्रमांक तीस हजारांच्या आसपास होता. पुढच्याच वर्षी फिजिक्सने सगळ्यांना असं काही घोळात घेतलं की देशात पहिल्या आलेल्या मुलालाच ६८६ मिळाले, आणि ६५०च्या वर गेलेले देशभरात अवघे ७३. तेच साडेसहाशे गुण एका वर्षी कोपऱ्यातलं कॉलेज मिळवून देतात, दुसऱ्या वर्षी दिल्लीच्या एम्सच्या दारापर्यंत नेऊन सोडतात. म्हणून शेजारच्या काकूंनी "आमच्या बंड्याला गेल्या वर्षी सहाशे होते" असं सुनावलं, तर आधी साल विचारावं.

पात्रतेची रेषाही अशीच हलते. ती गुणांवर नाही, पर्सेंटाइलवर ठरते. खुल्या गटाला ५०, म्हणजे निम्म्या मुलांच्या वर असलात की झालं. २०२२मध्ये ती ११७वर होती, २०२४मध्ये १६२वर.

चालत जाऊन गोवा

आता आपल्या उंबऱ्यावरची गोष्ट. तेरेखोल नदी ही महाराष्ट्र-गोव्याची हद्द, असं आपण म्हणतो खरं. पण नदीच्या उत्तरेला, रेडीला खेटून, गोव्याचा एक तुकडा आहे: तेरेखोल गाव आणि त्याचा किल्ला. रेडीकडून तिथे जायला होडी लागत नाही. चालत गेलात की गोवा.

त्या तेरेखोलातल्या मुलाला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या ८५ टक्के जागांवर दावा सांगता येतो. अट गोव्याच्या रहिवासाची. त्याच्या हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या रेडीच्या मुलीला मात्र त्याच कॉलेजात शिरायचं, तर उरलेल्या १५ टक्के अखिल भारतीय जागांतून. म्हणजे बिहारच्या, केरळच्या, राजस्थानच्या मुलांच्या रांगेत उभं राहून. रात्री-अपरात्री पेशंटला घेऊन गाडी बांबोळीकडेच सुटते, ही सवय आपल्याकडे जुनी. २०१८ साली गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा सिंधुदुर्गात किती ओरड झाली होती, ते आठवत असेल. पेशंटला निदान पैसे भरून आत जाता येतं. विद्यार्थ्याला तेही नाही.

हा पंधरा टक्क्यांचा भाग आला कुठून? १९८४च्या प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याराज्यांच्या कुंपणाला भोक पाडलं. सुरुवातीला ३० टक्के जागा देशाला खुल्या ठेवा म्हटलं, १९८६मध्ये ते प्रमाण १५वर आणलं. गंमत म्हणजे जानेवारी २०२५मध्ये याच न्यायालयाने पदव्युत्तर प्रवेशांतली रहिवासाची अट घटनाबाह्य ठरवली. एमबीबीएसला अट चालू, एमडीला बंद.  तेव्हा एमडीसाठी बांबोळीच्या दारावर रेडीच्या मुलीला गाव विचारता येणार नाही.

कोटा गेला, कॉलेज आलं

महाराष्ट्रातही अशी कुंपणं होती. ७०:३० नावाची. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन वाटे. ७० टक्के जागा त्या-त्या वाट्यातल्या मुलांना, ३० टक्के सगळ्यांना. कोकण बसलं होतं उर्वरित महाराष्ट्रात, म्हणजे मुंबई-पुण्याच्या पंगतीला, जिथे कॉलेजं जास्त. मराठवाड्याची तक्रार होती आणि ती रास्त होती. सप्टेंबर २०२०मध्ये हे सूत्र रद्द झालं.

ओरोसला सिंधुदुर्गचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं ते त्यानंतर. १०० जागा. त्यातल्या १५ देशाच्या, बाकी ८५ राज्याच्या. जिल्ह्याच्या म्हणून एकही नाही! लातूरच्या क्लासात दोन वर्षं घासून आलेला मुलगा आणि वेंगुर्ल्याची मुलगी एकाच यादीत. माझं मत विचाराल, तर गुणांची यादी एकच असावी हे बरोबर, पण दोन वर्षं लातुरात राहण्या-खाण्याचा खर्च यादीत कुठे दिसत नाही. तमिळनाडूने २०२०मध्ये सरकारी शाळांतल्या मुलांसाठी ७.५ टक्के जागा बाजूला काढल्या. आपल्याकडे तसं काही झालेलं नाही.

आणि हे बारावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिल्या येणाऱ्या कोकण मंडळाच्या दारात! रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, एवढ्या दोनच जिल्ह्यांचं हे मंडळ. २०२५चा निकाल ९६.७४ टक्के. पण १९९९मध्ये राज्याची सीईटी आली तेव्हापासून बारावीचे गुण मेडिकलच्या यादीतून बाहेर पडले, ते आजतागायत बाहेरच.

आठ जणांची बॅच

खाडीपलीकडचा पेडणे तालुका, त्यातलं मांद्रे गाव. तिथे जन्मलेले भाऊ दाजी लाड मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाले. कॉलेज निघालं १८४५मध्ये, पहिली तुकडी बाहेर पडली १८५१मध्ये, आणि त्या तुकडीत होते आठ जण. त्यातलेच आत्माराम पांडुरंग पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक झाले. खरं तर गोव्यातही, पणजीत, पोर्तुगिजांची वैद्यकीय शाळा १८४२पासून होती. आज बांबोळीला जे कॉलेज दिसतं, त्याचं मूळ हेच.

चिठ्ठी टाका

नेदरलँड्समध्ये १९७०च्या दशकापासून मेडिकलच्या जागा चक्क सोडतीने वाटत. गुण चांगले असले तर सोडतीत संधी थोडी जास्त, इतकंच. १९९६मध्ये शाळेत दहापैकी ९.६ सरासरी असलेल्या एका मुलीची चिठ्ठी पुन्हापुन्हा निघाली नाही, देशभर गदारोळ झाला, मग आठच्या वर सरासरी असणाऱ्यांना थेट प्रवेश मिळू लागला. पुढे सोडत बंदही झाली. आणि २०२३पासून विद्यापीठांना ती पुन्हा वापरायची मुभा आहे.

अमेरिकेत मेडिकल प्रवेशाच्या एमकॅट परीक्षेचे गुण ४७२पासून सुरू होतात. कोरा पेपर दिला तरी ४७२! कमाल ५२८. तिथे अर्ज करणाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणांना कुठे ना कुठे प्रवेश मिळतो. आपल्याकडे अठरांत एक.

चपला घाला

नीटला बूट चालत नाहीत, लांब बाह्या चालत नाहीत, पेनही आपलं चालत नाही, ते केंद्रावर मिळतं. अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पायात चपला हा कोकणी माणसाचा बारमाही पोशाख देशातल्या एका कठीण परीक्षेचा अधिकृत गणवेश आहे. पेपर तेरा भाषांत मिळतो, मराठीतही. पण मराठी निवडणारे अलीकडे तीन हजारांच्याही आत. गुजरातीतून देणारे त्याच्या कितीतरी पट.

उणे गुणांचे डॉक्टर

पदव्युत्तर नीटमध्ये २०२३ साली जागा रिकाम्या राहत होत्या म्हणून पात्रतेची रेषा थेट शून्य पर्सेंटाइलवर आणली. शून्य गुण नव्हे, शून्य पर्सेंटाइल. म्हणजे परीक्षेला बसलेला शेवटचा माणूसही पात्र, भले त्याचे गुण वजा असोत. यात एमबीबीएस झालेलेच बसतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, असं सांगण्यात आलं.

वय? कसलं वय?

२०२०मध्ये दोघांना ७२०पैकी ७२० मिळाले. एक ओडिशाचा मुलगा, एक उत्तर प्रदेशातली मुलगी. पहिला क्रमांक त्याला, कारण तो वयाने मोठा! त्याच वर्षी ओडिशातल्याच स्टेट बँकेच्या एका निवृत्त कर्मचाऱ्याने वयाच्या ६४व्या वर्षी नीट देऊन बुर्ल्याच्या सरकारी कॉलेजात एमबीबीएसला प्रवेश घेतला. २०२२मध्ये तर कमाल वयाची अटच निघाली. किती वेळा द्यावी यालाही मर्यादा नाही.

ही माहिती चहाच्या टपरीवर सांगितली, तर पलीकडच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "मगे झिलावांगडा बापाशीचोय फॉर्म भरूया काय?"