स्वार जातो, घोडा मागे राहतो

परदेशातील स्पर्धेस निघालेल्या धावपटूचे पारपत्र, तिकीट आणि बुटांचा जोड एवढ्यावर भागते. घोडेस्वाराची गोष्ट निराळी आहे. त्याचा जोडीदार चार पायांचा असतो आणि त्या जोडीदाराच्या रक्तात कोणते जंतू आहेत याची चौकशी दोन देशांची सरकारे करतात. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण स्पर्धांत, विशेषतः अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धांत, भारतीय स्वार इतके तुरळक का दिसतात, याचे उत्तर पुष्कळजण स्वाराच्या कौशल्यात किंवा खेळाच्या खर्चात शोधतात. त्यात तथ्य आहेच. परंतु तिसरे कारण अधिक मूलगामी असून त्याचा संबंध आपल्या खानदेशाशीही पोहोचतो.

हा खेळ समजण्यास सोपा आणि साधण्यास कठीण. रिंगणात रंगीत दांड्यांचे दहा-बारा अडथळे मांडलेले असतात. ऑलिंपिकमध्ये त्यांची उंची १.६५ मीटरपर्यंत असते. दांडी पडली किंवा घोडा अडला, तर ४ दोषगुण. नेमलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला, तर आणखी दोषगुण. स्पर्धेपूर्वी स्वार तो मार्ग पायी फिरून पाहतो आणि दोन अडथळ्यांमधील अंतर पावलांनी मोजतो. घोड्याला मात्र तो मार्ग आधी दाखविला जात नाही. स्वाराच्या मांडीच्या दाबावर आणि लगामाच्या सूक्ष्म हालचालीवर विश्वास ठेवून तो अनोळखी अडथळ्यावर झेप घेतो. हा विश्वास जुळण्यास वर्षे लागतात. म्हणूनच स्वाराने विमानाने जावे आणि तिकडे एखादा घोडा भाड्याने घ्यावा, हा उपाय वरवर सोपा वाटला तरी बरोबरीचा सामना घडवून आणू शकत नाही.

सरहद्दीवरची परीक्षा

घोड्यांचे काही रोग असे आहेत की, एका जनावरामुळे साऱ्या देशाचे पशुधन धोक्यात येते. आफ्रिकी अश्वरोग १९६० च्या सुमारास भारतात शिरला, तेव्हा त्याने हजारो घोडे व खेचरे मारली. भारत आज त्यापासून मुक्त आहे आणि २०१४ पासून जागतिक पशु-आरोग्य संघटनेची तशी मान्यताही आहे. परंतु ग्लँडर्स, चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा, गोचिडांमुळे होणारा पायरोप्लाझ्मोसिस अशा रोगांची भीती उरते. त्यामुळे भारतात वाढलेला घोडा परदेशी नेणे आजवर फार कठीण ठरले. रक्ततपासणी, विलगीकरण, पुन्हा तपासणी आणि मग मालवाहू विमानातील अरुंद खणात तासन्‌तास उभे राहणे, ही त्याची वाट. घोड्याला ओकारी काढता येत नाही. त्यामुळे प्रवासात पोट बिघडले तर जिवावर बेतते. सोबतचा मोतद्दार गवताची जाळी आणि पाण्याची बादली घेऊन त्याच्याजवळ थांबतो तो त्यासाठीच.

हे नियम केवळ गरीब देशांना गांजण्यासाठी केलेले आहेत, असे समजण्याचे कारण नाही. १९५६ चे ऑलिंपिक मेलबर्नला झाले. पण ऑस्ट्रेलियाचे विलगीकरणाचे कायदे इतके कडक होते की, अश्वारोहणाच्या स्पर्धा त्याच वर्षी जूनमध्ये स्टॉकहोमला भरवाव्या लागल्या. २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमधील हेच सामने हाँगकाँगला झाले. चीनने मात्र त्यापासून बोध घेतला. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धांसाठी त्याने त्या शहराजवळ घोड्यांचा रोगमुक्त प्रदेश निर्माण केला आणि यजमानपद पूर्णपणे निभावले.

आंतरराष्ट्रीय महासंघाने दूरच्या देशांसाठी एक तोडही काढली आहे. एकाच आराखड्याचे अडथळे निरनिराळ्या देशांत मांडायचे, स्वारांनी आपापल्या देशात उड्या घ्यायच्या आणि निकालांची तुलना करायची. अंतिम फेरीसाठी निवडलेले स्वार परदेशी जातात, तेथे यजमानांनी दिलेले घोडे चिठ्ठ्या टाकून वाटले जातात. योजना चांगली आहे. पण स्वार जातो आणि त्याचा घोडा मागे राहतो, ही वस्तुस्थिती तिच्यातच मान्य केलेली आहे.

परदेशातील पागा

१९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत रघुबीर सिंग यांनी ‘शहजादा’वर स्वार होऊन सुवर्णपदक मिळविले, त्या वर्षी अश्वारोहणात भारताला तीन सुवर्णपदके लाभली. स्पर्धा स्वदेशी होत्या, सरहद्द ओलांडण्याचा प्रश्न नव्हता. पुढचे सुवर्णपदक २०२३ साली हांगझौला आले, म्हणजे ४१ वर्षांनी. अडथळ्यांच्या उड्यांत नव्हे, तर घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या ‘ड्रेसाज’ या प्रकारात ते मिळाले. मुंबईचा हृदय छेडा आणि आपल्या शेजारच्या इंदूरची सुदिप्ती हाजेला हे त्या चौघांच्या संघातील दोघे. त्याआधी टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) फवाद मिर्झा यांनी अंतिम फेरी गाठून तेविसावा क्रमांक मिळविला होता. या साऱ्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. परंतु त्यांनी सराव केला युरोपात आणि त्यांचे घोडेही तेथल्याच पागांत होते. घोडा इकडून नेता येत नाही, म्हणून तिकडे विकत घ्यायचा, तिकडेच पोसायचा आणि स्वतःही तिकडेच राहायचे! हा खर्च किती कुटुंबांना पेलेल? गुणवत्ता हेरण्याआधीच श्रीमंतीची चाळणी लागते. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या मुलाने या खेळाचे स्वप्नसुद्धा पाहू नये, अशी ही व्यवस्था आहे.

मेरठ ते सारंगखेडा

या कोंडीला २०२५ च्या जुलैमध्ये पहिली फट पडली. मेरठ छावणीतील लष्कराच्या अश्व-पशुवैद्यक केंद्राला जागतिक पशु-आरोग्य संघटनेने रोगमुक्त कक्ष म्हणून मान्यता दिली. आत येणाऱ्या प्रत्येक जनावराची, चाऱ्याची आणि माणसाची नोंद, कीटकांचा बंदोबस्त, नियमित तपासणी, अशा कडक शिस्तीत राहिलेल्या घोड्याला परदेशी जाण्याचा मार्ग त्यामुळे खुला होऊ शकतो. पण हे एकच आवार आहे. त्याच्या भिंतीबाहेरचा प्रदेश निरोगी करण्याचे काम लष्कर करणार नाही. ते जिल्ह्याजिल्ह्यांतील पशुवैद्यकीय दवाखान्यांनाच करावे लागेल.

येथे खानदेशचा संबंध येतो. बोदवडहून भुसावळला जावे, तेथून सुरतच्या गाडीने दोंडाईचा गाठावे, म्हणजे तापीकाठचे सारंगखेडा जवळच. दत्तजयंतीच्या यात्रेत तेथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि मारवाडी, काठेवाडी, पंजाबी जातींची जनावरे परप्रांतांतून येतात. त्यांतला एखादा घोडा ऑलिंपिकच्या रिंगणात उतरेल, असा दावा कोणी करणार नाही. परंतु रोगजंतू जात पाहत नाहीत. दूरदूरची जनावरे जेथे एका पाण्यावर येतात, तेथे रक्त तपासण्याची सोय असणे ही निरोगी देशाची पहिली पायरी आहे.

गरीब देशाने श्रीमंतांच्या खेळापायी पैसा का ओतावा, असा आक्षेप यावर घेतला जाईल. प्रश्न रास्त आहे. पण हा खर्च खेळापुरता नाही. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि उपचार न मिळाल्यास प्राण घेतो. जनावर बाधित ठरले की कायद्याने त्याला दयामरण द्यावे लागते, आणि त्या भागात घोड्यांच्या बाजारावर व ने-आणीवर निर्बंध येतात. वरातीच्या घोड्यावर ज्याचा लग्नसराईचा हंगाम चालतो, गाढवांवर माती-विटा वाहून जो पोट भरतो, त्याचा संसार एका तपासणीच्या निकालावर उलटतो. वेळेवर आणि सन्मानाने मिळणारी भरपाई नसेल, तर तो रोग लपवील. आणि लपविलेला रोग मेरठच्या भिंतीपाशीही पोहोचेल.

भीमथडीच्या तट्टांना यमुनेचे पाणी पाजल्याचा अभिमान महाराष्ट्र अजून सांगतो. त्या तट्टांना कोणी आरोग्यपत्र विचारले नव्हते. आज विचारतात, आणि ते योग्यच आहे. तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात पशुवैद्याचे पद रिकामे राहणार नाही, यात्रेपूर्वी तपासणी पथक पोहोचेल आणि नमुन्याचा निकाल यात्रा उठण्यापूर्वी मिळेल, एवढी व्यवस्था शासनाने केली पाहिजे. परदेशी रिंगणात स्वदेशी घोडा उतरण्याची तयारी तेथूनच सुरू होते.