माळढोकाचा माळ आणि माणसांचा वाटा

धाराशिव जिल्ह्यातल्या जळकोटहून हैदराबाद महामार्गाने सोलापूर गाठावे आणि तिथून बार्शीची वाट धरावी, की वीसेक किलोमीटरवर नान्नज येते. सारा मुलूख एकाच वळणाचा: मुरमाड माळ, कुसळी गवत, मध्येच ज्वारी-हरभऱ्याचे पट्टे. सरकारदरबारी असल्या माळाला पडीक म्हणतात. पण जगातल्या सर्वांत वजनदार उडत्या पक्ष्यांपैकी एक असलेला माळढोक याच पडिकावर नांदला.

नर पंधरा किलोपर्यंत भरतो. विणीच्या दिवसांत तो गळ्याची पांढरी पिशवी फुगवतो, ती पायांपर्यंत लोंबते. शेपूट पाठीवर उलटते आणि त्याचा घुमारा अर्ध्या किलोमीटरवर ऐकू जातो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि महिनाभर एकटीच उबवते. एखादे मोकाट कुत्रे किंवा माळावर घातलेली जीप तेवढ्याचा निकाल लावू शकते. माळावर झाडे लावणेही त्याला मानवत नाही, कारण दूरवर नजर पोचेल असे मोकळे रानच त्याला लागते.

१८०९ ते १८२९ या वीस वर्षांत रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एकट्या इंग्रजाने अहमदनगर भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. ही शिकार हौसेची. फासेपारधी मात्र तित्तर-लाव्ह्यांना फासे लावत ते पोटासाठी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांनाही एकच बंदी घातली. बंदी हवीच होती, पण ज्यांच्याकडे पाऊलखुणा वाचायची विद्या होती त्यांना राखणीच्या कामात आधी घ्यायला हवे होते, असे मला ठामपणे वाटते.

१९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावे, बागायती, बाजारपेठा, सगळे त्यात आले. जमिनीचे व्यवहार अडले, विकासकामे रखडली आणि लोकांचा राग बिचाऱ्या पक्ष्यावर निघू लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने हद्द १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. तोवर माळढोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. आज देशभरात ते दीडशेच्या आत आहेत आणि बहुतेक राजस्थानात.

तरी नान्नजची राखलेली कुरणे वाया गेली नाहीत. तिथे काळवीट वाढले, लांडगा टिकला. काळवीट रात्री ज्वारीत उतरतात. शेतकऱ्याला त्यांच्यावर हात उगारता येत नाही. सरकार पीकनुकसानीची भरपाई देते, पण ती वेळेवर हातात पडली तरच काळवीट त्याला सोसवेल. धनगराच्या कळपातली मेंढी लांडग्याने नेली, तर तिथेही हेच.

आता पर्यटनाचा वाटा. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिरसुफळ इथे वनखात्याने गवताळ रानाची सफारी सुरू केली आहे: आधी नोंदणी, ठरलेली वाट, सोबत गावातलाच वाटाड्या. जळकोटशेजारी नळदुर्गच्या किल्ल्यात पावसाळ्यात नर-मादी धबधबा पाहायला गर्दी लोटते. माळावरच्या कितीतरी पाखरांची जमिनीवर अंडी घालायची वेळही तीच. त्या गर्दीतल्या गाड्या माळावर शिरण्याआधी तिथेही वाट आखून द्यावी, गावच्या पोरांना वाटाडे नेमावे आणि मेंढरांच्या चराईचे पट्टे ग्रामसभेत ठरवावेत.