जहरा: वाळवंटातले आरोग्य आणि तिथली तरुण पिढी

जहरा हे कुवेत शहराच्या पश्चिमेचे जुने मरूद्यान. विहिरी, खजुराच्या बागा आणि 1920 च्या लढाईतला लाल किल्ला ही त्याची ओळख. उंट-मेंढ्यांचे कळप घेऊन फिरणारे बदू उन्हाळ्यात पाण्यासाठी इथे उतरत.

तेल आले आणि एक-दोन पिढ्यांत तंबूंच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. पायपीट थांबली. खजूर आणि उंटिणीच्या दुधाची जागा गोड पेयांनी, तळलेल्या पदार्थांनी घेतली. आज कुवेतमध्ये साधारण चार प्रौढांमागे एकाला मधुमेह आहे. सीलचे मांस मागे पडून दुकानातले अन्न आल्यावर आर्क्टिकमधील इन्युइट समाजालाही अशाच बदलाला तोंड द्यावे लागले.

तिकडे आर्क्टिकमध्ये बर्फ वितळतो, इकडे ऊन वाढते. जहरा प्रांतातल्या मित्रिबाह येथे 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा उन्हात मुलांनी मैदानावर खेळायचे तरी कधी?

या सगळ्यात सर्वांत बिकट अवस्था बिदून, म्हणजे नागरिकत्व नसलेल्या, तरुणांची. 1959 च्या नागरिकत्व कायद्यानंतर नोंदीबाहेर राहिलेल्या कुटुंबांचे हे वंशज. त्यांची संख्या लाखाच्या आसपास असून अनेकजण जहरातील तैमा आणि जवळच्या सुलैबिया वस्तीत राहतात. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी शाळा आणि बहुतेक नोकऱ्या त्यांना बंद झाल्या. फेब्रुवारी 2011 मध्ये ते तैमात रस्त्यावर उतरले. त्यानंतर सरकारने मोफत उपचार आणि शिक्षणाचे आश्वासन दिले. कागदाअभावी अडणाऱ्या या तरुणांच्या मनावरचा ताण हा आरोग्याचाच प्रश्न आहे. त्या आश्वासनानंतरही 2014 मध्ये जन्मदाखल्याअभावी शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठी स्वयंसेवकांनी ‘कतातीब अल-बिदून’ हे वर्ग भरवले.