सज्जा, ओटा आणि मांजर

मांजर कितीहि उंचावरून पडलें तरी चारी पायांवर उभें राहतें, अशी आपली सर्वांची पक्की समजूत असते. ही समजूत निम्मी खरी आहे. आणि निम्म्या खरेपणामुळेंच ती घातक आहे, कारण तिच्यावर विसंबून आपण निर्धास्त राहतों. आज या समजुतीचा विचार मला दोन जागांसंबंधानें करावयाचा आहे. एक, शहरांतील उंच इमारतीचा सज्जा. आणि दुसरी, आमच्या धानोऱ्यासारख्या जंगलपट्टींतील गांवाचा ओटा. सज्जा जमिनीपासून साठ-सत्तर फूट उंच, तर ओटा जेमतेम दोन-तीन फूट. तरी दोहोंत एक साम्य आहे. या जागा धड घरांतहि नाहींत आणि धड बाहेरहि नाहींत. मांजराला नेमक्या अशाच जागा आवडतात. तेथें ऊन मिळतें, सारें जग दिसतें, आणि घर पाठीशीं असतें.

प्रथम सज्जा घेऊं. पडतां पडतां मांजर सुलटें होतें कसें, हें कोडें विद्वानांनाहि बराच काळ सुटलें नव्हतें. १८९४ सालीं एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञानें पडत्या मांजराचीं लागोपाठ छायाचित्रें घेतलीं. त्यांवरून दिसून आलें कीं, मांजर अगोदर अंगाचा पुढचा भाग फिरवितें व मागाहून मागचा. कानाच्या आंत तोल सांभाळणारें जें इंद्रिय असतें तें त्याला वर कोणतें व खालीं कोणतें हें कळवितें. बाकीचें काम त्याचा लवचिक कणा करतो.

परंतु पाय खालीं येणें निराळें आणि इजा न होणें निराळें. न्यूयॉर्क येथील एका पशुरुग्णालयांत इमारतींवरून पडलेलीं १३२ मांजरें आणलीं गेलीं, त्यांची पाहणी १९८७ सालीं प्रसिद्ध झाली. उपचार झालेल्यांपैकीं शेंकडा ९० वांचलीं, म्हणून ती पाहणी फार गाजली. पण पुढचा आंकडा फारसा कोणी सांगत नाहीं. एक तृतीयांशाहून अधिक मांजरांचा जीव केवळ तांतडीच्या उपचारांनीं राहिला. बहुतेकांच्या छातीला मार बसला होता, आणि निम्म्याहून अधिकांच्या तोंडाला. शिवाय जीं जागच्या जागीं मेलीं, तीं रुग्णालयांत कोण नेणार? तीं या हिशेबांत धरलेलींच नाहींत.

इतका सावध प्राणी मुळांत पडतोच कां? कारण त्याच्या नख्या झाडाच्या सालीसाठीं आहेत. सिमेंट, फरशी व लोखंडी नळी यांत त्या रुतत नाहींत. शिवाय समोर कबुतर बसलेलें असलें कीं मांजराचें सारें लक्ष त्यावर खिळतें, आणि कठड्याची कड ध्यानांत राहत नाहीं.

यावर उपाय एकच, तो म्हणजे जाळी. ती कठड्यापुरती नव्हे, तर खालपासून छतापर्यंत असावी. तिचीं छिद्रें दीड इंचाहून मोठीं नसावींत. घरांत पिल्लें असल्यास एक इंच पुरे. कबुतरांसाठीं लावलेल्या पातळ नायलॉनच्या जाळीवर विसंबूं नये. उन्हानें ती विरते व मांजराच्या दातांनीं तुटते. खुर्च्या व कुंड्या कठड्याला लावून ठेवूं नयेत, कारण त्या मांजराला पायरीचें काम देतात. पावसाळा संपल्यावर जाळी हातानें ओढून पाहावी. आणि मांजर पडलेंच, तर तें चालतें आहे म्हणून स्वस्थ बसूं नये. फुप्फुसाची इजा कांहीं तासांनींहि उघडकीस येते. त्याला फळीवर किंवा टोपलींत हलकेंच ठेवून त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्यावें.

आतां ओटा. धानोरा हें गडचिरोली जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. १९८२ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांतून गडचिरोली निराळा झाला. पण जंगलाला जिल्ह्याच्या सीमा ठाऊक नाहींत. साग, मोह व बांबू यांचें रान गांवाच्या अगदीं जवळ येतें. येथें ओट्यावरून पडून मांजराला कांहीं होत नाहीं. येथें धोका खालून वर येतो, आणि त्याचें नांव बिबट. दोन-तीन फुटांचा ओटा म्हणजे त्याला नुसती पायरी.

बिबट मांजरासारख्या क्षुद्र जिवासाठीं गांवांत येईल काय, असें कोणी विचारील. अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील अकोले भागांत विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बिबटांची विष्ठा तपासून त्यांच्या आहाराचा अभ्यास केला. तो २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबानें त्या आहारांत शेंकडा ३९ भाग कुत्र्यांचा व १५ भाग मांजरांचा निघाला. अकोल्याचा तो मुलूख शेतीचा, आमचा रानाचा. तेथील आंकडे येथें जसेच्या तसे लावतां येणार नाहींत. परंतु बिबटाची रीत दोहींकडे एकच आहे. रात्रीं जें विनासायास मिळेल तें तो उचलतो.

येथें प्रश्न केवळ मांजराचा राहत नाहीं. ज्या ओट्यावर बिबटाला मांजर किंवा कोंबडी मिळते, त्या ओट्याची वाट त्याला पाठ होते. आणि चैत्र-वैशाखांत उकाड्यामुळें त्याच ओट्यावर घरचीं लहान मुलें व म्हातारीं माणसें निजतात. मांजर तर मुलाच्या पायथ्याशींच वेटोळें करून पडलेलें असतें. म्हणून रात्रीं मांजराला आंत घेणें ही भूतदया तर आहेच; पण ती घराची राखणहि आहे.

त्याला आंत आणण्याची युक्ति सोपी आहे. मांजराचें घड्याळ त्याच्या पोटांत असतें. रोज दिवेलागणीला, आणि घराच्या आंतच, त्याला जेवूं घालावें. थोड्याच दिवसांत तें त्या वेळीं आपण होऊन दारांत येतें. मग दार लावावें. उष्टें व मासळीचे कांटे ओट्याजवळ टाकूं नयेत. कोंबड्या बंद खुराड्यांत ठेवाव्यात. ओट्याला बांबूची तट्टी लावली तर दिवसां भटक्या कुत्र्यांपासून बचाव होतो. बिबटाला मात्र ती अडवूं शकत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. बोक्याची नसबंदी करून घेतल्यास त्याचें रात्रींचें भटकणेंहि पुष्कळ कमी होतें.

मांजर डोळे मिटून दूध पितें, असें आपण हंसून म्हणतों. पण कठड्यावर किंवा ओट्यावर निजलेलें मांजर पाहून त्याला कांहीं होणार नाहीं असें जो मानतो, त्याचेहि डोळे मिटलेलेच असतात. उंची मांजराला वांचवीत नाहीं. सज्जाचीहि नाहीं आणि ओट्याचीहि नाहीं. त्याला वांचविते ती शहरांत जाळी, आणि आमच्याकडे दिवेलागणीला आंतून लावलेली कडी.