निर्णयाची पारख : एका संघाच्या पुनर्बांधणीचे उदाहरण

कारभाऱ्याची पारख त्याच्या कामाच्या फळावरून करावी, असा सर्वत्र रिवाज आहे. हा रिवाज सोयीचा असला तरी तो नेहमी न्याय्य ठरतोच असे नाही. ज्या कामाचे फळ हाती येण्यास सात-आठ वर्षे लागतात, त्या कामात मध्यंतरी कारभारी बदलतो, दैवाचे फेरे येतात आणि एकाने पेरलेले दुसरा कापतो. अशा वेळी मूळ निर्णय चांगला होता की वाईट, हे ठरवायचे कसे? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या ‘सेव्हन्टी-सिक्सर्स’ या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचे उदाहरण उपयुक्त आहे.

प्रथम तेथील व्यवस्था समजून घेतली पाहिजे. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन या संघटनेत ३० संघ असून प्रत्येक संघ हंगामात ८२ सामने खेळतो. शेवटचा क्रमांक आला म्हणून कोणत्याही संघाला खालच्या श्रेणीत जावे लागत नाही. उलट, नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ‘ड्राफ्ट’मध्ये, दुबळ्या संघांना आधी निवड करण्याची संधी मिळते. बाद फेरी न गाठलेल्या संघांमध्ये सोडत काढून पहिले काही क्रमांक ठरविले जातात. २०१८ पर्यंत सर्वांत तळाच्या संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता २५ टक्के होती. या खेळात एका बाजूचे पाचच खेळाडू मैदानात असतात. त्यामुळे एखादा असामान्य खेळाडू संघाचे सारे रूप पालटू शकतो. जो संघ मध्यावर रेंगाळतो, त्याला अजिंक्यपद मिळत नाही आणि असा खेळाडूही सहसा लाभत नाही.

मे २०१३ मध्ये सॅम हिंकी सरव्यवस्थापक झाले, तेव्हा फिलाडेल्फियाचा संघ अशाच अवस्थेत होता. आदल्या वर्षी अँड्र्यू बायनम या धिप्पाड खेळाडूसाठी बरेच काही देऊन मोठा व्यवहार करण्यात आला होता. परंतु गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तो संघाकडून एकही सामना खेळू शकला नाही. त्या हंगामात संघाला ३४ विजय मिळाले. हिंकी यांनी आज हाती असलेले देऊन उद्याची संधी मिळविण्याचे धोरण स्वीकारले. जून २०१३ मध्ये जरू हॉलिडे हा नावाजलेला खेळाडू न्यू ऑर्लिन्सला देऊन त्यांनी गुडघ्याने जायबंदी असलेला तरुण नर्लेन्स नोएल आणि पुढील वर्षीच्या निवडीचा एक हक्क मिळविला. पुढील तीन हंगामांत संघाने अनुक्रमे १९, १८ आणि १० सामने जिंकले. त्यांपैकी पहिल्या हंगामात तर तो लागोपाठ २६ सामने हरला. एप्रिल २०१६ मध्ये हिंकी यांनी राजीनामा दिला.

या कारकिर्दीला तीन कसोट्या लावता येतील. पहिली कसोटी ही की, निर्णय घेताना जे माहीत होते त्याच्याच आधारे तो तपासावा. २०१४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या जोएल एम्बीड याच्या पायावर निवडीपूर्वी काही दिवस शस्त्रक्रिया झाली होती. पहिले दोन्ही हंगाम तो खेळू शकला नाही. २०१६ मध्ये ही निवड अविचाराची वाटत होती. २०२३ मध्ये तोच एम्बीड साऱ्या संघटनेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, तेव्हा ती दूरदृष्टीची वाटू लागली. निर्णय मात्र एकच होता : धोका उघड होता आणि लाभाची शक्यताही तितकीच मोठी होती. याउलट, २०१५ मध्ये त्यांनी जाहलिल ओकाफोर हा आणखी एक उंच खेळाडू घेतला. नोएल व एम्बीड हे दोघे त्याच जागेचे खेळाडू संघात आधीच होते. ही अडचण त्याच दिवशी दिसत होती. म्हणून तिचा दोष हिंकी यांच्याकडे निःसंशय जातो.

दुसरी कसोटी म्हणजे कोणाचे काय, हे वेगळे करणे. जुलै २०१५ मध्ये सॅक्रामेंटोच्या संघाला खेळाडूंच्या वेतनाचा भार हलका करावयाचा होता. हिंकी यांनी तो भार उचलला आणि मोबदल्यात निवडीचा एक भावी हक्क व दोन वर्षे क्रमांक बदलून घेण्याची मुभा मिळविली. त्यामुळे २०१७ मध्ये फिलाडेल्फियाचा पाचवा क्रमांक तिसरा झाला. परंतु त्यांच्यानंतर आलेल्या व्यवस्थापनाने तो तिसरा क्रमांक आणि आणखी एक भावी हक्क बॉस्टनला देऊन पहिला क्रमांक घेतला व मार्केल फुल्ट्झ याला निवडले. खांद्याच्या दुखण्याने तो मागे पडला. बॉस्टनने तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला जेसन टेटम मात्र थोर खेळाडू झाला. हे नुकसान हिंकी यांच्या खात्यावर मांडणे योग्य नव्हे.

तिसरी कसोटी सर्वांत कठीण आहे. हिशेबाच्या वहीत न उतरणारी किंमतही मोजली पाहिजे. तिकीट काढून येणारा प्रेक्षक तीन वर्षे पराभव पाहत होता. तरुण खेळाडू हरण्याच्या वातावरणात आपला व्यवसाय शिकत होते. हिंकी यांनी कोणताही नियम मोडला नाही. सोडतीचे नियम बदलण्याचा प्रस्ताव ऑक्टोबर २०१४ मध्ये १७ विरुद्ध १३ अशा मतांनी पुढे होता, तरी आवश्यक २३ मतांअभावी तो फेटाळला गेला. २०१७ मध्ये मात्र बदल संमत झाला आणि २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांची शक्यता समान, १४ टक्के, करण्यात आली. तथापि नियमांची अनुमती आणि लोकांचा विश्वास या दोन भिन्न गोष्टी आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये मालकांनी जेरी कोलँजेलो या ज्येष्ठ व्यक्तीची हिंकी यांच्या वर नेमणूक केली, तेव्हाच हा विश्वास संपत आल्याचे स्पष्ट झाले. खेळाडूंची व हक्कांची काटेकोर मोजदाद करणाऱ्या या माणसाने मालकांच्या धीराची मोजदाद मात्र केली नाही.

पुढे २०१७-१८ मध्ये संघाने ५२ सामने जिंकले. २०१८ ते २०२४ अशी सलग सात वर्षे तो बाद फेरीत पोहोचला. पण दुसऱ्या टप्प्यापलीकडे एकदाही गेला नाही. मे २०१९ मध्ये टोरोंटोविरुद्धच्या सातव्या सामन्यात क्वाय लेनर्डने अखेरच्या क्षणी टाकलेला चेंडू कड्यावर चार वेळा उसळला आणि जाळीत पडला. तो बाहेर पडला असता, तर अनेकांनी हिंकी यांना द्रष्टे म्हटले असते. पण सहा वर्षांपूर्वीच्या निर्णयांचे गुणदोष त्या चेंडूने तसूभरही बदलले नसते. त्यांची योजना सुविचारित होती, एका ठिकाणी ती चुकली, आणि ज्यांच्या भरवशावर ती चालायची त्यांना सोबत ठेवण्यात ती उणी पडली, असाच निवाडा दोन्ही प्रसंगी द्यावा लागला असता.